कुलसंमेलन

कुलसंमेलन म्हणजे एकाच मूळ पुरुषापासून विस्तारलेल्या आणि कालांतराने निरनिराळ्या गावांत, राज्यांत व देशांत विखुरलेल्या कुटुंबांनी ठरवून एकत्र येण्याचा कार्यक्रम होय. त्यास कुलमेळावा, कौटुंबिक स्नेहमेळावा किंवा भावकीचा मेळावा असेही म्हणतात. संमेलन साधारणपणे एक ते तीन दिवसांचे असते. तीन ते पाच पिढ्यांतील व्यक्ती या काळात एकत्र मुक्काम करतात. कुलदैवताचे दर्शन, वंशावळीचे वाचन, परस्पर ओळख, सहभोजन आणि सहल हे त्याचे प्रमुख घटक आहेत.

महाराष्ट्रात अशा संमेलनांसाठी निवडल्या जाणाऱ्या ठिकाणांत नाशिक आणि त्याच्या परिसराचा समावेश होतो. गोदावरीकाठच्या तीर्थोपाध्यायांकडील वंशनोंदी, जिल्ह्यातील कुलदैवतांची स्थाने, मुंबई, पुणे, खानदेश व मराठवाडा यांना जोडणारे दळणवळण आणि मोठ्या समूहाच्या निवासाची सोय ही त्याची कारणे आहेत.

संज्ञा

कुल (बोलीत कूळ) या शब्दाने एका मूळ पुरुषाची पितृवंशीय संतती दर्शवली जाते. कुलातील लग्न होऊन आलेल्या स्त्रियांचाही त्यात समावेश होतो. परंपरेने कुलाची ओळख आडनाव, गोत्र किंवा देवक, कुलदैवत आणि मूळ गाव यांवरून होते. कुलातील पुरुष परस्परांचे भाऊबंद आणि त्यांचा समूह म्हणजे भावकी. विवाहसंबंधाने जोडलेल्या नातेवाइकांना सोयरे म्हणतात. ‘भाऊबंद’ या शब्दापासूनच ‘भाऊबंदकी’ हा शब्द तयार झाला, पण मराठीत तो प्रामुख्याने वारशावरून किंवा सत्तेवरून होणाऱ्या आपसांतील कलहासाठी वापरला जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या प्रसंगावर लिहिलेल्या नाटकाचे (१९०९) नावही ‘भाऊबंदकी’ असेच आहे. या कलहातील एक प्रमुख व्यक्ती रघुनाथराव यांचे वास्तव्य काही काळ नाशिकजवळील आनंदवली येथे होते.

पिढ्यांच्या निर्देशासाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. आजोबा, पणजोबा व खापरपणजोबा हे वरच्या पिढ्यांचे आणि नातू, पणतू व खापरपणतू हे खालच्या पिढ्यांचे निदर्शक होत. चुलत, आते, मामे आणि मावस या विशेषणांनी भावंडांचे नाते नेमके सांगता येते. यांपैकी केवळ चुलत भावंडे पारंपरिक अर्थाने एका कुलातील असतात. आते, मामे आणि मावस भावंडांची कुले सामान्यतः वेगळी मानली जातात. संमेलनाला कोणाला बोलवायचे, या प्रश्नाचे मूळ या भेदात आहे.

पार्श्वभूमी

समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात संयुक्त कुटुंबाची व्याख्या केली आहे. सामान्यतः एका छताखाली राहणारे, एका चुलीवर शिजलेले अन्न खाणारे, सामाईक मालमत्ता असलेले आणि एकत्रित कुलपूजेत भाग घेणारे परस्परांचे नातलग म्हणजे संयुक्त कुटुंब, असा तिचा आशय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिक्षण, सरकारी नोकरी, रेल्वे आणि कारखानदारी यांमुळे कुटुंबे विखुरली तेव्हा यांपैकी छत आणि चूल ही दोन अंगे प्रथम वेगळी झाली. मालमत्ता व कुलपूजा यांतील संबंध त्यानंतरही बराच काळ टिकून राहिला.

नाशिक जिल्ह्यात हे स्थलांतर दोन्ही दिशांनी झाले. १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबईचा प्रवास सुलभ झाला आणि जिल्ह्यातील अनेक कुटुंबांच्या शाखा मुंबईत स्थिरावल्या. विसाव्या शतकात नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय, ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती यांमुळे खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांतांतून कुटुंबे नाशिकला आली. आजच्या नाशिककर कुटुंबांपैकी अनेकांचे मूळ गाव अन्यत्र आहे, तर नाशिकमध्ये मूळ असलेली अनेक कुटुंबे आता अन्यत्र राहतात.

वतनव्यवस्थेच्या अंताचाही कुलसंबंधांवर परिणाम झाला. पाटीलकी, कुलकर्ण आणि देशमुखी ही वतने वंशपरंपरागत असल्यामुळे वाटणीसाठी वंशावळ अचूक ठेवणे आवश्यक होते. करीने, महजर आणि कैफियती या ऐतिहासिक कागदपत्रांत वंशावळींचे तपशील आढळतात. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटलांची पदे १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. त्यानंतर वंशावळ जपण्यामागचा आर्थिक हेतू क्षीण झाला व तिला स्मृतीचे आणि ओळखीचे महत्त्व आले. जमिनीचा वारसा आणि जातीचे प्रमाणपत्र या दोन बाबींसाठी मात्र तिची गरज कायम आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हापासून जुन्या मोडी नोंदी आणि वंशावळी यांविषयी राज्यभर नव्याने औत्सुक्य निर्माण झाले.

पूर्वरूपे

ठरवून भरवलेले कुलसंमेलन ही आधुनिक प्रथा असली, तरी कुलाने ठरावीक काळी एकत्र येण्याची परंपरा जुनी आहे. कुलदैवताची जत्रा, नवरात्रातील कुळाचार, लग्नानंतरचा गोंधळ किंवा जागरण, श्राद्धपक्ष आणि कोकणातील गणेशोत्सव व शिमगा हे त्याचे प्रसंग होत.

खानदेश आणि त्याला लागून असलेल्या मालेगाव, बागलाण, देवळा व कळवण या तालुक्यांतील कानबाईचा उत्सव हे या परंपरेचे ठळक उदाहरण आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी होणाऱ्या या उत्सवासाठी भाऊबंद एका घरी जमतात. नैवेद्याचे रोट करण्यासाठी कुटुंबातील पुरुषांच्या संख्येनुसार धान्य मुठीने मोजून घेण्याची रीत अनेक घरांत आहे. रोटांचा प्रसादही बहुधा भाऊबंदांपुरता राखला जातो. धान्याच्या या मापातून कुलाची एक प्रकारे वार्षिक गणनाच होते. नोकरीनिमित्त नाशिक शहरात, विशेषतः सिडको व सातपूर भागांत, स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांनी हा उत्सव तेथेही चालू ठेवला आहे.

काही कुलांचे एकत्र येणे देवस्थानातील मानाशी निगडित असते. सप्तशृंगगडाच्या शिखरावर चैत्र पौर्णिमेला व नवरात्रात ध्वज लावण्याचा मान दरेगाव येथील गवळी-पाटील घराण्याकडे परंपरेने आहे.

कुलवृत्तांत आणि कुलमंडळे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तांत हा मराठीतील एक स्वतंत्र ग्रंथप्रकार म्हणून रूढ झाला. एका आडनावाच्या ज्ञात घराण्यांची वंशावळ, प्रत्येक व्यक्तीचा अल्प परिचय, मूळ गाव, कुलदैवत आणि स्थलांतराचा इतिहास असे त्याचे स्वरूप असते. आपटे, गोखले, पेंडसे, साठे, बापट इत्यादी चित्पावन घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध आहेत. पुढे इतर ज्ञातींतही असे ग्रंथ निघाले. अमेरिकन अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या कुलवृत्तांतांचा महाराष्ट्रातील सामाजिक बदलाची साधने म्हणून अभ्यास केला.

कुलवृत्तांतासाठी माहिती जमवणे, निधी उभारणे आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या काढणे या कामांसाठी कुलमंडळे स्थापन झाली. संमेलन हे अशा मंडळांच्या कार्याचा भाग बनले. वृत्तांताचे प्रकाशन संमेलनात होते आणि संमेलनात जमलेली माहिती पुढील आवृत्तीत समाविष्ट केली जाते.

छापील कुलवृत्तांत प्रामुख्याने लेखनाची दीर्घ परंपरा असलेल्या ज्ञातींचे आहेत. इतर समाजांच्या वंशावळी जपण्याचे काम भाट आणि हेळवी यांसारख्या समाजांनी केले. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमाभागात फिरणारे हेळवी आपल्या यजमान घराण्यांच्या वंशावळी सांगतात व त्यांच्या नोंदीही ठेवतात.

नाशिक आणि कुलसंमेलने

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वंशनोंदी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या आहेत. या नोंदींना वही, चोपडा किंवा नामावळी म्हणतात. त्या गाव, आडनाव आणि ज्ञाती यांनुसार लावलेल्या असतात. ठरावीक प्रदेशाचे किंवा आडनावाचे यात्रेकरू ठरावीक उपाध्यायाचे यजमान मानले जातात. तीर्थयात्रा, अस्थिविसर्जन, श्राद्ध किंवा सिंहस्थातील स्नान यांसाठी आलेली व्यक्ती वहीत स्वतःचे, वडील-आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव, मूळ गाव व येण्याचे कारण लिहून खाली सही करते. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत.

बहुतेक वंशावळी मागाहून कोणीतरी संकलित केलेल्या असतात. तीर्थाच्या वहीतील नोंद मात्र त्या व्यक्तीने स्वतः, त्या दिवशी, अनेकदा स्वतःच्या हस्ताक्षरात केलेली असते. त्यामुळे पणजोबांचे अक्षर पाहायला मिळणे हे नाशिकमधील संमेलनांचे एक आकर्षण ठरते. मात्र नोंद करणारे बहुधा पुरुष असल्याने अनेक जुन्या नोंदींत स्त्रियांचा उल्लेख त्रोटक असतो किंवा आढळतच नाही.

भारतातील इतर तीर्थक्षेत्रांतही अशा वह्या आहेत. हरिद्वार येथील पंड्यांच्या वह्यांच्या आधारे कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी पहाडी चित्रकारांच्या घराण्यांचा छडा लावला. त्यांचा हा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. युटा येथील जिनिऑलॉजिकल सोसायटीने हरिद्वारसह काही ठिकाणच्या वह्यांचे सूक्ष्मपटावर चित्रण केले आहे.

कुलदैवतांची स्थाने

सप्तशृंगगड हे महाराष्ट्रातील देवीच्या साडेतीन पीठांपैकी अर्धे पीठ मानले जाते. नाशिकपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेली सप्तशृंगी ही अनेक घराण्यांची कुलदेवता आहे. मंदिर उंच कड्याच्या पायथ्याशी असून तेथे जाण्यासाठी पूर्वी पाचशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागत. २०१८ मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यानंतर वृद्ध आणि अपंग व्यक्तींनाही दर्शन शक्य झाले.

मालेगाव तालुक्यातील चंदनपुरी येथे खंडोबाचे स्थान असून पौष पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. लोककथेनुसार खंडोबाने बाणाईसाठी येथे मेंढ्या राखल्या. चांदवड येथील रेणुकादेवी हेही अनेक कुटुंबांचे कुलदैवत आहे. त्र्यंबकेश्वर येथे नारायण नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध आदी विधी केले जातात. यांपैकी नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी असल्याने काही कुटुंबे त्याच्या निमित्ताने एकत्र मुक्काम करतात.

निवास आणि प्रवास

नाशिकला मोठ्या समूहांच्या निवासाची परंपरा तीर्थयात्रेतून निर्माण झाली. पंचवटीतील धर्मशाळा, संत गाडगे महाराज यांनी यात्रेकरूंसाठी उभारलेली धर्मशाळा, नाशिक रोड येथील मुक्तिधाम आणि देवळालीतील आरोग्यभवने ही तिची जुनी उदाहरणे होत. अलीकडे मंगल कार्यालये, गंगापूर धरणाच्या परिसरातील पर्यटक निवास, इगतपुरी व त्र्यंबक रस्त्यावरील रिसॉर्ट आणि द्राक्षबागांतील कृषी पर्यटन केंद्रे यांना अधिक पसंती मिळते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतीशी संबंध तुटलेल्या शाखांतील मुलांना शेत दाखवता येते, हा अशा केंद्रांच्या निवडीमागील एक विचार असतो.

संमेलने प्रामुख्याने मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत आणि डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात होतात. परदेशस्थ कुटुंबांना डिसेंबर सोयीचा असतो. त्यानंतरच्या काळात द्राक्षांचा हंगाम असल्याने बागेला भेट, हुरडा आणि मिसळ यांचाही कार्यक्रमात समावेश होतो. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वकाळात शहरातील गर्दीमुळे संमेलनासाठी जागा मिळणे दुरापास्त असते.

स्वरूप आणि नियोजन

संमेलनाची तयारी सहसा सहा महिने ते वर्षभर आधी सुरू होते. प्रत्येक शाखेतून एक प्रतिनिधी घेऊन समिती नेमली जाते. शाखा म्हणजे मूळ पुरुषाच्या एकेका मुलाचा वंश. प्रतिनिधीकडे आपल्या शाखेतील हयात व्यक्तींची यादी करणे, पत्ते मिळवणे आणि वर्गणी जमवणे ही कामे असतात. पूर्वी पोस्टकार्डांनी चालणारे हे काम आता व्हॉट्सॲपच्या गटांवर आणि संगणकीय तक्त्यांवर चालते.

दोन दिवसांच्या संमेलनाचा क्रम ढोबळमानाने असा असतो:

पहिला दिवस: आगमन व नोंदणी, शाखेनुसार निरनिराळ्या रंगांच्या ओळखपट्ट्यांचे वाटप, कुलदेवतेचे पूजन, दिवंगतांना श्रद्धांजली, पिढीनिहाय ओळख, वंशवृक्षाच्या फलकाचे अनावरण आणि रात्री करमणुकीचे कार्यक्रम.

दुसरा दिवस: कुलदैवताचे दर्शन किंवा सहल, ज्येष्ठांच्या आठवणींचे कथन, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, सर्वांचे एकत्र छायाचित्र, पंगत, जमाखर्चाचे वाचन आणि पुढील संमेलनाच्या यजमान शाखेची घोषणा.

पिढीनिहाय ओळख हा या कार्यक्रमातील वैशिष्ट्यपूर्ण भाग होय. त्यात वयाऐवजी पिढीनुसार उभे राहावे लागते. एका शाखेत पिढ्या लवकर बदललेल्या असतात, तर दुसऱ्या शाखेत उशिरा. त्यामुळे शाळकरी मुलगा नात्याने एखाद्या प्रौढाचा काका ठरल्याचे अशा वेळी लक्षात येते.

वंशवृक्षाचा फलक अनेकदा कापडावर छापून भिंतीवर लावतात आणि दुरुस्त्यांसाठी शेजारी लेखणी ठेवतात. राहिलेली नावे, चुकलेली जन्मवर्षे आणि विसरलेल्या शाखा यांची भर तेथेच घातली जाते. ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याची पद्धतही रूढ होत आहे. जुन्या घराची रचना, साथीच्या काळातील मृत्यू, गाव सोडण्याचे कारण आणि घरातील टोपणनावे यांसारखी माहिती कागदोपत्री क्वचितच सापडते. ती सांगणारी पिढी गेल्यावर ती मिळवण्याचे दुसरे साधन राहत नाही.

खर्च माणशी वर्गणी, घटक कुटुंबामागे ठरावीक रक्कम किंवा ऐपतीनुसार ऐच्छिक देणगी अशा तीन प्रकारे विभागला जातो. लहान मुले आणि वृद्ध यांना बहुधा सवलत असते. रिसॉर्टमधील वाढत्या खर्चामुळे अल्प उत्पन्न असलेल्या शाखांची उपस्थिती घटते. त्यामुळे काही कुले निवासाचा दर्जा मुद्दाम साधा ठेवतात किंवा देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून सामाईक निधीतून ती वर्गणी भरतात.

वृद्धांसाठी तळमजल्यावरील खोल्या, पथ्याचे जेवण, चाकाची खुर्ची आणि जवळच्या रुग्णालयाचा संपर्क या गोष्टींची तजवीज आवश्यक असते. एकाच दिवशी सप्तशृंगगड व त्र्यंबकेश्वर ही दोन्ही ठिकाणे करण्याचा बेत वृद्ध व लहान मुले यांना झेपत नाही, कारण ती नाशिकपासून भिन्न दिशांना आहेत.

वंशावळीतील अडचणी

आडनावांतील बदल

एका कुलाच्या शाखांनी वेगवेगळी आडनावे स्वीकारल्याची उदाहरणे महाराष्ट्रात विपुल आहेत. गावावरून, हुद्द्यावरून किंवा किताबावरून पडलेले नाव पुढे आडनाव बनते. नाशिक जिल्ह्यात विंचूर येथील जहागिरीमुळे विंचूरकर म्हणून ओळखले गेलेले सरदार विठ्ठल शिवदेव आणि मालेगावचा किल्ला बांधणारे नारोशंकर राजेबहादर या दोघांचेही मूळ आडनाव दाणी होते. केवळ आडनावाच्या आधारे निमंत्रणे पाठवल्यास अशा शाखा निसटतात. उलट, समान आडनाव असलेली सर्व घराणी एका कुलाची असतातच असे नाही.

दत्तक

दत्तकविधानामुळे जन्माची आणि वारशाची शाखा भिन्न होते. नाशिकचे कवी व नाटककार वि. वा. शिरवाडकर यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर होते. काका वामन शिरवाडकर यांना दत्तक गेल्यानंतर ते विष्णू वामन झाले. त्यांचे आडनाव निफाड तालुक्यातील शिरवाडे या गावावरून आले आहे, तर ‘कुसुमाग्रज’ या टोपणनावाचा अर्थ कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ असा आहे. आडनावात गाव, मधल्या नावात दत्तक वडील आणि टोपणनावात बहीण असे तिन्ही संबंध त्यांच्या नावांत आढळतात. यांपैकी बहिणीशी असलेला संबंध पारंपरिक वंशवृक्षात सहसा दाखवला जात नाही.

स्त्रियांच्या नोंदी

जुन्या वंशावळी पितृवंशीय असल्याने त्यांत मुलींची नावे गाळलेली असत किंवा त्यांच्यापुढे वंश दाखवला जात नसे. सुनांचे माहेरचे नाव अनेकदा नोंदलेले नसे. विवाहानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे एकाच स्त्रीची दोन नावे दोन कुलांच्या वंशावळींत आढळतात व त्यांचा मेळ घालणे अवघड होते. मुलगा नसलेल्या शाखेपुढे ‘निर्वंश’ असा शेरा मारला जाई. त्या शाखेतील मुलींना संतती असली तरी नोंद तेथेच थांबत असे.

महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) कायद्याने मुलीला जन्मतः सहदायिकाचा हक्क मिळाला. कायद्यातील या बदलाचे प्रतिबिंब वंशावळींत सावकाश उमटत आहे. अलीकडील अनेक संमेलनांत माहेरवाशिणी, जावई आणि नातवंडांना निमंत्रण असते व वंशवृक्षात मुलींच्या शाखाही दाखवल्या जातात. काही कुलांनी मात्र जागा आणि खर्च यांचे कारण देऊन निमंत्रणे मुलग्यांच्या शाखांपुरती मर्यादित ठेवली आहेत. संमेलनाचा स्वयंपाक, पाहुण्यांची सरबराई आणि नात्यांची माहिती यांचा भार मोठ्या प्रमाणात सुना व लेकी यांच्यावर असतो. त्यामुळे निमंत्रणाच्या व्याप्तीचा प्रश्न केवळ संख्येचा उरत नाही, तर कुलात कोणाची गणना करावयाची याचा ठरतो.

मालमत्तेचे प्रश्न

मूळ गावातील सामाईक घर, देवघर आणि सातबाऱ्यावरील नावे हे विषय संमेलनात निघणे स्वाभाविक असते. बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची प्रथा, एकाच शाखेकडे असलेला घराचा ताबा आणि देवस्थानाच्या खर्चाची विभागणी हे वादाचे नेहमीचे मुद्दे होत. म्हणून अनेक समित्या संमेलनात मालमत्तेवर चर्चा न करण्याचा नियम करतात. हा नियम सलोखा राखतो, असे त्याच्या समर्थकांचे म्हणणे असते. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते, सर्व हक्कदार एकत्र असण्याचा एकमेव प्रसंग त्यामुळे वाया जातो आणि मौनाचा लाभ ताबा असलेल्या शाखेला मिळतो.

सामाजिक महत्त्व आणि टीका

विखुरलेल्या कुटुंबांतील मुलांना चुलत भावंडांची ओळख होणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आधार मिळणे, शिक्षण व आजारपण यांसाठी मदतीचे जाळे तयार होणे आणि आनुवंशिक आजारांची माहिती एकत्र होणे हे कुलसंमेलनांचे फायदे सांगितले जातात. काही कुलमंडळे शैक्षणिक साहाय्य आणि वैद्यकीय मदतीसाठी कायमस्वरूपी निधी ठेवतात.

कुलाचा अभिमान जातीच्या अभिमानात परिवर्तित होतो, ही यावरील प्रमुख टीका आहे. कुलवृत्तांतांत पराक्रमी व पदवीधर पुरुषांना विस्तृत जागा आणि सामान्यांना एखादी ओळ मिळते, घराण्यातील अन्याय व अपयश वगळले जाते, असाही आक्षेप घेतला जातो. आंतरजातीय विवाह केलेल्या सदस्यांना पूर्वी वगळले जाई. आजही त्यांची दखल प्रत्येक कुलात सारखी घेतली जात नाही. सगोत्र विवाहावरील बंधन १९४६ च्या कायद्याने दूर झाले, परंतु कुल व गोत्र यांविषयीचे संकेत विवाह जुळवताना अद्याप पाळले जातात.

छापील यादीत किंवा समाजमाध्यमांवरील गटांत जन्मतारीख, पत्ता व दूरध्वनी क्रमांक प्रसृत केल्याने खासगीपणाचा प्रश्नही निर्माण झाला आहे. त्यामुळे काही मंडळे हयात व्यक्तींचे केवळ नाव व पिढी प्रसिद्ध करतात.

परदेशस्थ कुटुंबे

उत्तर अमेरिका, युरोप, आखाती देश आणि ऑस्ट्रेलिया येथील मराठी कुटुंबांसाठी कुलसंमेलन हे भारतभेटीचे एक निमित्त असते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची (स्थापना १९८१) द्वैवार्षिक अधिवेशनेही नातेवाइकांच्या भेटीचे ठिकाण ठरतात. परदेशात वाढलेल्या पिढीसाठी वंशवृक्ष देवनागरीसह रोमन लिपीतही छापला जातो. २०२० व २०२१ मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे अनेक संमेलने दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. प्रवास न करू शकणाऱ्यांसाठी ही सोय पुढेही काही कुलांनी चालू ठेवली.

इतर देशांतील तत्सम प्रथा

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये कौटुंबिक पुनर्मीलनाला विशेष महत्त्व आहे. गुलामगिरीत विक्रीमुळे ताटातूट झालेल्या आप्तांचा शोध घेण्याच्या प्रयत्नांशी या परंपरेचे नाते आहे. ॲलेक्स हेली यांची ‘रूट्स’ ही कादंबरी (१९७६) आणि तीवरील दूरचित्रवाणी मालिका (१९७७) यांमुळे वंशशोधाला मोठी चालना मिळाली. स्कॉटलंडने २००९ मध्ये आणि आयर्लंडने २०१३ मध्ये परदेशस्थ वंशजांना मायदेशी बोलावण्यासाठी ‘द गॅदरिंग’ या नावाने उपक्रम राबवले. चीनमध्ये छिंगमिंग सणाला कुटुंबीय पूर्वजांच्या समाधिस्थळी एकत्र येतात.

साहित्य व चित्रपटांत

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात विदर्भातील देशपांडे घराण्याचे सदस्य कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर वाड्यात एकत्र येतात व त्या निमित्ताने कुटुंबाचे विघटन समोर येते. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही या नाट्यत्रयीतील पुढील नाटके होत. राजेश मापुसकर दिग्दर्शित ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) या चित्रपटात गणेशोत्सवाच्या तोंडावर कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्ती रुग्णालयात असताना जमलेल्या विस्तृत कुटुंबाचे चित्रण आहे. या दोन्ही कलाकृतींत नातलगांना एकत्र आणणारा प्रसंग मृत्यूचा किंवा आजारपणाचा आहे. कुलसंमेलनात मात्र तशा प्रसंगाची वाट न पाहता एकत्र येण्याचा दिवस आधीच ठरवलेला असतो.

हेही पहा

कुलदैवत
कुलवृत्तांत
गोत्र
देवक
कानबाई
सप्तशृंगी
सिंहस्थ कुंभमेळा
मोडी लिपी
संयुक्त कुटुंब